पोलीस ठाण्याचा हिशेब गावाने कसा ठेवायचा

गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक होते. चहा येतो, डीजेच्या आवाजावर साहेब दोन शब्द बोलतात, चार प्रतिष्ठित मंडळी 'प्रशासनाला सहकार्य करू' म्हणतात आणि फोटो निघतो. पुढची बैठक थेट ईदला किंवा निवडणुकीला. या बैठकांना नावे ठेवायचे कारण नाही. मिरजेत २००९ साली आणि पुसेसावळीत २०२३ साली दंगलीत काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना त्यांची गरज समजावून सांगावी लागत नाही. पण ठाण्याचा रोजचा कारभार त्यातून कळत नाही. कुणाची फिर्याद न घेता परत पाठवले, कुणाला तीन तास बाकावर बसवले, लॉकअपसमोरचा कॅमेरा कधीपासून बंद आहे, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

त्यासाठी वेगळा नागरिक गट लागतो आणि तो कागदावर चालावा लागतो. तोंडी तक्रारीला तोंडीच उत्तर मिळते आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही विरून जातात. लेखी प्रश्न, त्यावर आवक क्रमांक, मुदतीत उत्तर, उत्तर न आल्यास पुढची पायरी, हे वर्षभर नेमाने झाले की लोकांचा ठाण्यावर विश्वास बसू लागतो. पोलिसांचा गटावर बसतो तोही याच वाटेने. खालची पद्धत सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याची हद्द डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. साताऱ्यातही ती तशीच लागू पडेल. दोन्ही जिल्हे कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांखाली येतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. अशा गटाला कायद्याने वेगळा अधिकार दिलेला नाही. खाली जी साधने आहेत ती प्रत्येक नागरिकाची आहेत. गट फक्त ती नियमितपणे वापरतो.

गटात कोण हवे, कोण नको

आधी हद्द समजून घ्या: कोणती गावे, कोणती दूरक्षेत्रे (ठाण्याच्या बाहेरगावच्या चौक्या), किती बीट (एका अंमलदाराकडे सोपवलेला भाग), प्रत्येक बीटचा अंमलदार कोण. जतसारख्या तालुक्यात जत आणि उमदी अशी वेगळी ठाणी आहेत आणि गावागावांतली अंतरे मोठी आहेत. तिथे एका गटाने सगळा तालुका अंगावर घेऊ नये. एका ठाण्याला अकरा ते पंधरा माणसे पुरतात. त्यात किमान एक तृतीयांश बायका, दलित वस्ती आणि मुस्लीम मोहल्ला यांतले प्रत्येकी एक-दोन जण, आणि भटक्या-विमुक्तांच्या वस्तीतला माणूस हवाच. चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा ज्या वस्तीवर जाते, तिथला माणूस गटात नसेल तर ठाण्याचा खरा चेहरा तुम्हाला दिसणारच नाही.

ज्यांच्यावर त्याच ठाण्यात गुन्हा प्रलंबित आहे, जे पक्षाचे पदाधिकारी आहेत, ज्यांचा वाळू, मटका, दारू किंवा खासगी सावकारीशी संबंध आहे, त्यांना घेऊ नका. वकील एक असावा, पण त्याच कोर्टात रोज फौजदारी प्रकरणे चालवणारा नको; त्याचे ठाण्याशी रोजचे देणे-घेणे असते आणि त्याची पंचाईत होते. निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेली माणसे फार उपयोगी पडतात, कारण त्यांना फाईल लावता येते. निमंत्रक दर सहा महिन्यांनी बदला.

ओळखपत्रे छापू नका. गाडीच्या काचेवर 'मानवाधिकार' किंवा 'पोलीस मित्र' अशी पाटी लावून फिरणाऱ्यांनी या कामाची पुरेशी बदनामी केली आहे.

गावात तंटामुक्त समिती असेल तर तिच्याशी जुळवून घ्या. १५ ऑगस्ट २००७ रोजी ही मोहीम सुरू झाली ती तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, त्यामुळे या भागात तिच्याबद्दल आपुलकी आहे. बांध, वाट, पाणी, भाऊबंदकी यांत तडजोड घडवणे हे तिचे काम. पण मारहाण करून हाड मोडलेले, बाईची छेड, लहान मुलावरचा अत्याचार, जातीवरून केलेला अपमान हे प्रकार समितीच्या ओट्यावर मिटवायचे नसतात. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणे हाच पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे, हे समितीच्या अध्यक्षांना स्वच्छ सांगून ठेवा.

हातात कोणता कागद पडला?

ठाण्यात गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात तीनपैकी एक कागद असतो, किंवा एकही नसतो. गटातल्या प्रत्येकाला हे तीन कागद ओळखता आले पाहिजेत.

पहिला, एफआयआर. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात त्याची, माहिती मिळाली की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढे नुसती 'संहिता') कलम १७३ खाली ती नोंदवायचीच असते, गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला असला तरी. प्रत तिथल्या तिथे, फुकट. दुसरा, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कलम १७४. यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की यांत एनसी बरोबर असते. डोक्याला टाके पडलेल्या माणसाच्या हाती एनसी दिसली तर विचारायला हवे. तिसरा कागद म्हणजे 'तक्रारी अर्ज'. सगळा घोळ इथे होतो. अर्ज बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) जातो, 'चौकशीवर' ठेवला जातो, दोन्ही बाजूंचे जबाब होतात आणि तीन महिन्यांनी अर्जदाराला कळते की गुन्हा दाखलच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दखलपात्र गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने एक सवलत दिली: तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते. ती चौदा दिवसांत संपवायची असते. म्हणून 'अर्ज चौकशीवर आहे' असे उत्तर आले की दोनच प्रश्न लेखी विचारा: परवानगी कोणत्या तारखेची, आणि चौदा दिवस कधी पूर्ण होतात?

आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण द्राक्षाचे. व्यापारी बागेत येतो, इसार देतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख चुकवतो आणि पुढच्या गाड्यांचे बुडवून पसार होतो. बागायतदार ठाण्यात गेला की पहिले वाक्य ठरलेले असते: 'हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा.' कधी कधी ते खरेही असते. भाव पडल्यामुळे पैसे थकणे वेगळे आणि सुरुवातीपासून बुडवायचाच बेत असणे वेगळे. तो बेत होता हे एका शेतकऱ्याच्या कागदावरून दिसत नाही, सात-आठ जणांच्या कागदांवरून दिसते. म्हणून गटाने त्याच व्यापाऱ्याला माल दिलेल्या सगळ्यांची एकच यादी करावी: माल उचलल्याची तारीख, वजन, ठरलेला दर, मिळालेली रक्कम, गाडी नंबर, वजनकाट्याची पावती, व्यापाऱ्याने दिलेला पत्ता आणि फोन, न वटलेला चेक असल्यास बँकेचा शेरा. पत्ता खोटा निघाला किंवा चेकचे खाते आधीच बंद होते, तर फसवणुकीचा हेतू तिथेच उभा राहतो. भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे 'सात वर्षांपेक्षा कमी' या मापात ती बसत नाही. तरी व्यापारी व्यवहारात मर्यादित चौकशीला ललिता कुमारी निकालानेच वाव ठेवला आहे. त्यामुळे वाद घालत बसू नका. चौकशी कोणत्या आधारावर सुरू आहे आणि केव्हा संपेल हे लेखी घ्या.

एफआयआरची प्रत मिळाली की लगेच घडी घालून खिशात टाकू नका. तिथेच मुद्दा ३ आणि मुद्दा ८ वाचा. मुद्दा ३ मध्ये गुन्हा घडल्याची वेळ, ठाण्यात माहिती मिळाल्याची वेळ आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक असतो. मुद्दा ८ म्हणजे तक्रार द्यायला उशीर का झाला त्याचे कारण. माणूस चार दिवस खेटे घालत होता आणि पाचव्या दिवशी फिर्याद घेतली, तर तिथे बहुधा 'आज रोजी तक्रार दिल्याने' एवढेच लिहिलेले असते किंवा रकाना कोराच असतो. कोर्टात आरोपीचा वकील पहिला बोट ठेवतो तो याच उशिरावर. तेव्हा फिर्याद सांगतानाच 'मी अमुक तारखेलाही आलो होतो, मला परत पाठवले' हे वाक्य जबाबात घ्यायला लावा. सही करण्यापूर्वी जबाब वाचून घेणे किंवा वाचून दाखवायला लावणे हा फिर्यादीचा हक्क आहे. पुढे तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे (संहितेचे कलम १९३). ती तारीख वहीत लिहून ठेवा.

दर महिन्याची नोंदवही

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडून ते पाहता येतात. महिन्यातून एकदा दोघांनी बसून आपल्या ठाण्याचे सगळे एफआयआर वहीत उतरवा. रकाने पाच: गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, घटनेची तारीख, नोंदीची तारीख, दोन्हींतले अंतर. फिर्यादी-आरोपींची नावे उतरवू नका. ती लागत नाहीत आणि वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

सहा महिन्यांच्या नोंदीवरून बऱ्याच गोष्टी दिसतात. मोटारसायकल चोरीची नोंद घटनेनंतर आठ-दहा दिवसांनीच होत असेल तर 'आधी शोधून बघा' म्हणून माणसे परत पाठवली जात आहेत. एखाद्या दूरक्षेत्राच्या गावांतून नोंदच नसेल तर ती गावे शांत आहेत असे समजू नका. तिथून ठाण्यापर्यंत माणूस पोचतच नसेल.

आकडे वाढले म्हणजे गुन्हे वाढले असे नाही. एखादा पीआय (पोलीस निरीक्षक) येतो, फिर्यादी परत पाठवणे बंद करतो आणि पहिल्याच तिमाहीत आकडा फुगतो. लगेच 'हद्दीत गुन्हेगारी वाढली' अशी बातमी येते आणि सरळ काम करणाऱ्यालाच एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिसात उत्तर द्यावे लागते. गटाने अशा वेळी गप्प बसू नये. अंतराचा रकाना कमी झाला आहे हे दाखवणारे पत्र स्वतःहून एसपींना द्यावे.

कॅमेरे आणि कोठडी

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला. तो पळून गेल्याचे सांगण्यात आले होते. पुढे मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचे उघड झाले, पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला आणि तपास सीआयडीकडे गेला. कोठडीची नोंद आणि कॅमेरा हा विषय त्यामुळे सांगलीकरांना पुस्तकातला वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे कुठे हवेत ते ठरवून दिले आहे: येण्या-जाण्याचे दरवाजे, मुख्य फाटक, सगळे लॉकअप, व्हरांडे, ठाणे अंमलदाराची जागा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेर. चित्रासोबत आवाज हवा, रात्री दिसायला हवे, आणि साठवण अठरा महिन्यांची. तेवढ्या साठवणीची यंत्रणा मिळत नसेल तिथे कमीत कमी एक वर्ष. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारींची. दर्शनी भागात मराठीतही फलक हवा. ठाण्यात कामाला गेलात की फलक आहे का आणि कोणत्या जागा मोकळ्या आहेत एवढे डोळ्यांनी बघून या. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

याच निकालाने जिल्हास्तरावर देखरेख समिती सांगितली आहे. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, एसपी यांच्याबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख असतो. म्हणजे आपण निवडून दिलेल्या माणसाला तिथे खुर्ची आहे. न कळवलेला अत्याचार शोधण्यासाठी चित्रण तपासणे हेही या समितीचे काम आहे. सांगली-मिरज-कुपवाडच्या महापौरांना किंवा झेडपी अध्यक्षांना पत्र लिहून मागच्या वर्षातल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्त मागा. बहुतेक वेळा पत्र गेल्यावरच त्यांना या खुर्चीची आठवण होते.

ठाण्यात कुणाला मारहाण झाल्याचे कळले तर पहिली धाव चित्रण जतन करण्यासाठी हवी, कारण साठवण भरली की जुने पुसले जाते. त्याच दिवशी एसपी ऑफिसला अर्ज आणि ईमेल, दोन्ही. मजकूर नेमका हवा: 'दिनांक अमुक रोजी दुपारी ३ ते ६ या वेळेतील मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदार कक्ष आणि लॉकअपसमोरील कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे.' नुसते 'सीसीटीव्ही तपासावा' लिहिले तर ते कुणी कधी तपासले हे कधीच कळत नाही. जखमीला लगेच सरकारी दवाखान्यात न्या आणि कागदावर जखमेचे कारण त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

अटकेची यादी हा याचाच दुसरा भाग. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात एएसआय (सहायक पोलीस उपनिरीक्षक) किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी नेमून अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप फलकावर लावायचे असते. फलक शेवटचा कधी पुसला-लिहिला गेला ते पाहा. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, वकिलाला भेटू देणे, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे हे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून (१९९६) चालत आलेले नियम आता संहितेत आहेत. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले.

'साहेबांनी बोलावलंय' असा फोन ही रोजची बाब आहे. आरोपी म्हणून चौकशीला बोलवायचे तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. साक्षीदार म्हणून बाईला, साठीच्या पुढच्या किंवा पंधरा वर्षांखालच्या पुरुषाला आणि अपंगाला ठाण्यात यायची सक्ती नाही; जबाब घरी येऊन घ्यायचा. हा एक नियम बायकांच्या बचत गटांतून सांगितला तरी बराच धाक कमी होतो.

माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत. पाच विषय एका अर्जात कोंबले की अर्ज परत येतो, आणि चूक आपलीच असते. अर्ज गटाच्या नावाने नको, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा. मजकुराचा नमुना:

'अमुक पोलीस ठाणे. कालावधी १ जानेवारी ते ३१ मार्च. (१) ठाण्यात बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची संख्या व जागा. (२) वरील कालावधीत बंद असलेले कॅमेरे, बंद झाल्याची व दुरुस्तीची तारीख. (३) आज रोजी उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रणाची तारीख. (४) दुरुस्तीसाठी केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.'

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. 'साठवण किती?' विचारले तर 'नियमाप्रमाणे' असे उत्तर येते. तारीख विचारली तर तारीखच द्यावी लागते. दुसऱ्या तिमाहीत प्रलंबित तक्रारी अर्जांची संख्या आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या अर्जाची तारीख विचारा. 'का', 'योग्य आहे का' असे प्रश्न नकोत. नोंदीत असलेलीच माहिती मिळते.

उत्तर तीस दिवसांत, व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. न आल्यास तीस दिवसांच्या आत पहिले अपील, वीस रुपयांचे तिकीट. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. 'तपास सुरू आहे' म्हणून नकार आला तर माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने सांगायला हवे. कॅमेऱ्यांच्या संख्येने कोणताच तपास अडत नाही.

बाहेर पडणाऱ्याला पाच प्रश्न

कागद एक सांगतो, माणसाचा अनुभव दुसरेच सांगतो. तिमाहीतून दोन दिवस, ठाण्यापासून शंभर पावलांवरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे राहून बाहेर पडणाऱ्यांना विचारा. बायकांना बाईनेच विचारायचे. किती वेळ थांबावे लागले? बसायला सांगितले का? पोच किंवा प्रत मिळाली का? कुणी पैसे किंवा 'कागदाचा खर्च' मागितला का? पुन्हा काम पडले तर एकटे याल का? नाव, गाव, भानगड काय होती यातले काहीही विचारू नका. तीसेक उत्तरे पुरतात, पण त्यांची टक्केवारी काढून पेपरला देऊ नका. 'तीसपैकी अठरा जणांना पोच मिळाली नाही' एवढेच म्हणा. पैसे मागितल्याचे कुणी सांगितले तर त्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर द्या. सक्तीने लाच दिली असल्यास सात दिवसांत कळवावे लागते, हेही सांगा.

बैठक

तिमाहीतून एक, तारीख वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली. जागा ठाणे नको. शाळा किंवा ग्रामपंचायतीचा हॉल घ्या, नाहीतर बायका येत नाहीत. गणपती, नवरात्र, निवडणूक आणि आषाढीचा पंढरपूर बंदोबस्त टाळा, कारण त्या दिवसांत पोलीस येतो म्हणाले तरी येऊ शकत नाहीत. द्राक्षपट्ट्यात जानेवारी ते मार्च शेतकरी मिळत नाही. विषयपत्रिका सात दिवस आधी पीआयना द्या; अचानक विचारलेल्या प्रश्नावर अधिकारी बचावात जातो. विषय पाचच, आणि पहिला नेहमी मागच्या बैठकीतले राहिलेले काम. चालू तपासातली नावे, पुरावे यांवर चर्चा नाही. कार्यपद्धतीवर हवी तेवढी. त्याच दिवशी इतिवृत्त, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. साहेबांनी सही टाळली तर प्रत टपालाने पाठवून पावती लावून ठेवा.

ठाण्याच्या अडचणीही याच बैठकीत घ्या. लोकांना बसायला बाके नाहीत, बायकांना स्वच्छतागृह नाही, दूरक्षेत्राला गाडी नाही, यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणीचे पत्र गटाने द्यावे. व्यापाऱ्याकडून पंखे किंवा कॅमेरे देणगी घेण्याच्या कल्पनेला मात्र विरोध करा. त्या पंख्याखाली बसलेल्या अंमलदाराला उद्या त्याच व्यापाऱ्याविरुद्ध फिर्याद घ्यायची आहे. चांगले काम दिसले तर शाल-श्रीफळ नको. हवालदाराचे नाव, तारीख आणि काम लिहून एसपींना पत्र द्या, प्रत त्या हवालदाराला.

भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत पुढाऱ्यांऐवजी साधी माणसे होती आणि शिपाई-हवालदाराला त्या भागाची जबाबदारी होती. हेच सूत्र इथेही धरा: बैठकीला बीट अंमलदार हजर असणे पीआय हजर असण्याइतकेच गरजेचे आहे. आक्षेपार्ह पोस्ट फिरू लागली की प्रत्येक मोहल्ल्यातले ठरलेले दोघे लगेच बीट अंमलदाराला कळवतात. लिंक, वेळ आणि स्क्रीनशॉट पोलिसांना देतात आणि पुढे कुणालाही पाठवत नाहीत, निषेध म्हणूनही नाही.

कुठे बिघडते

सर्वांत आधी व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे. पीआय ग्रुपमध्ये आले की पंधरा दिवसांत 'शुभ सकाळ' आणि 'साहेबांचे अभिनंदन' सुरू होते, आणि तक्रार लिहायला माणूस लाजतो. गटाचा ग्रुप वेगळा ठेवा, ठाण्याशी व्यवहार पत्राने.

दुसरा धोका गावकीचा. ग्रामपंचायत निवडणूक आली की एक पार्टी गटाचा वापर दुसरीवर गुन्हे दाखल करून घ्यायला करते. आचारसंहितेच्या काळात वैयक्तिक प्रकरणे न घेण्याचा ठराव आधीच करून ठेवा. कुणी गटाच्या नावाने 'मिटवून देतो' म्हणत पैसे घेतले, तर त्याच आठवड्यात त्याला काढा आणि ठाण्याला लेखी कळवा.

तिसरा, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा, आता न्याय संहितेचे कलम १३२. ठाण्यात नेहमी दोघे जा, आवाज चढवू नका, टेबलाच्या पलीकडे जाऊ नका, कुणाच्या हातातला कागद ओढू नका. ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातले निषिद्ध ठिकाण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तरी मोबाईल उगारून आत शिरल्याने काम बिघडते, आणि आत बसलेल्या पीडितेचा चेहरा चित्रणात आला तर तो आपला गुन्हा ठरतो.

तक्रार वर न्यायची तेव्हा

फिर्याद नाकारली तर संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तिचा मजकूर एसपींना टपालाने. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच मागा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज, कलम १७५(३). वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य देते.

अधिकाऱ्याच्या वागणुकीची तक्रार वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून पोलीस तक्रार प्राधिकरणे आणली: डीवायएसपी आणि वरच्यांसाठी राज्यस्तरीय, पीआयपर्यंतच्यांसाठी विभागीय. सांगली-सातारा पुणे विभागात येतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणे असे विषय तिथे जातात. 'उद्धट बोलले' एवढ्यासाठी एसपींकडेच जावे. प्राधिकरण चौकशी करून अहवाल देते, स्वतः शिक्षा देत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात पोलिसांनी कसूर केली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीत विषय ठेवायला लावा. ती तीन महिन्यांतून एकदा भरायची असते. सगळीकडे एकाच दिवशी प्रती पाठवू नका. प्रत्येक कार्यालय 'दुसरीकडे चौकशी सुरू आहे' म्हणून हात झटकते.

साहेब बदलले की

पीआयचा एका ठाण्यातला कार्यकाळ कायद्याने साधारण दोन वर्षे. सगळी मेहनत एका चांगल्या अधिकाऱ्याच्या भरवशावर असेल तर बदलीच्या दिवशी ती बसते. नवे अधिकारी रुजू झाले की पहिल्या पंधरवड्यात दोघांनी भेटून एक पातळ फाईल द्यावी: मागच्या चार बैठकांची इतिवृत्ते, राहिलेल्या कामांची एक पानी यादी, सहा महिन्यांच्या नोंदींचा तक्ता, आणि पुढच्या बैठकीची तारीख. सत्काराचा हार नेऊ नका. फाईलच्या दुसऱ्या प्रतीवर बारनिशीचा शिक्का घ्या आणि ती प्रत निमंत्रकाच्या घरी न ठेवता ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात ठेवा.